संगीताला भाषा नसते, म्हणे

‘संगीताला भाषा नसते’ या वाक्याचा मला मनापासून राग आहे. समारंभात ते ऐकू येते, मुलाखतींत येते, श्रद्धांजलीच्या लेखात तर हमखास येते, आणि म्हणणारा दर वेळी एखादे गुपित सांगावे तसे ते म्हणतो. गेल्या वर्षी ते माझ्या वाट्याला एका नकारपत्रातून आले. स्वीडनच्या फ्रान्झ बेर्वाल्ड या संगीतकारावर एक दीर्घ लेख लिहून मी एका मराठी नियतकालिकाकडे पाठवला होता. नाव घेत नाही. नियतकालिक चांगले आहे आणि संपादक सज्जन. उत्तरात तीन गोष्टी होत्या. आमच्या वाचकाचा या संगीताशी काही संबंध नाही, ही पहिली. संगीताला भाषा नसते, ज्याला ऐकायचे तो ऐकेल, त्यावर मराठीत लिहून काय साधणार, ही दुसरी. आणि तिसरी अशी की आपण झाशीच्या आहात, तर राणीच्या झाशीविषयी, तिथे राहिलेल्या मराठी घराण्यांविषयी काही द्या ना, ते आनंदाने छापू.

पहिले दोन मुद्दे एकमेकांच्या मुळावर उठतात हे संपादकांच्या ध्यानात आले नसावे. भाषाच नसेल तर संबंध नसायला कारण काय? आणि संबंध नसेल, तर तो नसण्यामागे भाषेसारखे काहीतरी असलेच पाहिजे. पण तिसरा मुद्दा मला जास्त लागला, म्हणून आधी त्याचे बघते.

झाशीच्या मराठी माणसाकडून उरलेल्या महाराष्ट्राची एकच अपेक्षा असते, की त्याने पहारेकऱ्यासारखे किल्ल्याच्या दारात उभे राहावे आणि आल्यागेल्याला १८५७ दाखवावे. आमच्या स्टेशनलाही आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव आहे. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना गणेश मंदिरात नेणे आलेच. राणीचे लग्न तिथे लागले. त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण आपण एका गोष्टीचे रखवालदार आहोत, त्यापलीकडे आपल्याला कान नाहीत, डोके नाही, असे कुणी गृहीत धरले की चिडायला होते. मुंबईच्या लेखकाने बेर्वाल्डवर लिहिले तर त्याची आवड व्यापक. तेच झाशीच्या बाईने लिहिले तर ती वाट चुकली.

बरे, राणीच हवी असेल तर घ्या. गंगाधरराव आणि मनूचे लग्न १८४२ मध्ये झाले. त्याच वर्षी स्टॉकहोमला जन्मलेल्या बेर्वाल्डने ‘सेरिअझ’ ही आपली पहिली पूर्ण सिंफनी लिहिली. पुढच्या वर्षी, १८४३ मध्ये, सांगलीत विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले आणि स्टॉकहोममध्ये ‘सेरिअझ’चा प्रयोग. भाव्यांचा प्रयोग गाजला, बेर्वाल्डचा पडला. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, हे मी तौलनिक साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे जाणते. पण गंगाधररावांना नाटकाचे वेड होते, त्यांची नाटकशाळा होती, ती पाहिलेल्या लोकांकडून ऐकून गोडसे भटजींसारख्या फिरत्या ब्राह्मणाने पुढे ‘माझा प्रवास’मध्ये त्याबद्दल लिहिले, म्हणून आज आपल्याला निदान एवढे तरी ठाऊक आहे. तिथे जे गायले गेले ते मात्र हवेत गेले. स्वर लिहून ठेवायची रीत तेव्हा आपल्याकडे रुळलेली नव्हती. शब्दांत उतरले ते राहिले. ज्यांना वाटते की संगीतावर लिहून काही साधत नाही, त्यांनी राणीच्या झाशीपासूनच सुरुवात करावी.

आता ‘संबंध नाही’कडे वळते. झाशीहून ग्वाल्हेर शंभरेक किलोमीटर. चांदूर गावात १८४९ साली जन्मलेला एक मुलगा गाणे शिकायचे म्हणून घराबाहेर पडला, ठिकठिकाणी वणवण केली आणि शेवटी ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे खयाल शिकला. ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. परत येऊन त्यांनी मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांना शिकवले आणि विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढले. ज्या खयालाला आज मराठी माणूस स्वतःच्या देवघरातली वस्तू मानतो, तो महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात दीडशे वर्षांपूर्वी परका होता. त्याची भाषा ब्रज. टप्प्याची भाषा पंजाबी. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतले गवय्ये पिढ्यान् पिढ्या पंजाबी टप्पे गात आले, त्यातल्या दर दुसऱ्या शब्दाला अडखळत असतील, पण त्यांना कुणी विचारले नाही की बुवा, आपला या संगीताशी संबंध काय? संबंध आधी नव्हताच. तो त्यांनी पायपीट करून जोडला. आपल्याकडे जे आहे त्यातले कितीतरी असेच जोडलेले आहे, आणि आता जोडणारे संपले की राखणारे उरतात, तसे झाले आहे.

इथे कुणी म्हणेल, ते ठीक, पण आधी आपलेच धड ऐकून होऊ द्या. तराणे, चतरंग, अष्टपद्या कुठे ऐकतात लोक? हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण रात्री अष्टपदी ऐकत बसतात, हे मला बघायचे आहे. माझा अनुभव असा की कमी ऐकले जाणारे एक संगीत कान देऊन ऐकणारा माणूस दुसरेही ऐकतो. न ऐकणाऱ्याला दोन्हींपासून सुटका हवी असते आणि एकाचे कारण सांगून तो दुसरे टाळतो.

आता मूळ वाक्याकडे. त्याचा प्रतिवाद मी सिद्धांताने करणार नाही. माझे काम हिंदी आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे. घरात मराठी, दारात बुंदेली आणि हिंदी. अशा माणसाला सर्वांत जास्त त्रास अनोळखी शब्दांचा होत नाही. अनोळखी शब्द कोशात सापडतो. त्रास होतो तो ओळखीच्या शब्दांचा. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘राज़ीनामा’ म्हणजे समेटाचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘खाली’ म्हणजे रिकामे की खालच्या बाजूला, यावरून आमच्या घरी पुण्याच्या सुनेचे आणि झाशीच्या सासूचे गैरसमज झालेले आहेत. कान सांगतो, कळले. कळलेले नसते.

विल्हेल्म स्टेनहामर याची दुसरी सिंफनी, जी मायनरमधली, १९१५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्यांदा वाजली. त्याने ती तिथल्याच वाद्यवृंदाला अर्पण केली आहे. १९०७ ते १९२२ तो त्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. ती सुरू होते आणि ग्वाल्हेरी गाणे ऐकलेला कान चट्दिशी उभा राहतो. गंधार कोमल, निषाद कोमल, धैवत शुद्ध. काफी! युरोपीय लोक या स्वररचनेला ‘डोरियन’ म्हणतात. काफी म्हटले की आमच्याकडे होरी, फाल्गुन, रंग. त्यात बुंदेलखंडातली फाग ऐकत वाढलेल्याला तर ती ओळख टाळताच येत नाही. ‘संगीताला भाषा नसते’वाला श्रोता इथे खूश होतो. बघा, स्वीडनमध्येही काफी! एवढे म्हणून तो थांबतो, आणि पुढची चाळीसेक मिनिटे त्याला काहीही ऐकू येत नाही.

कारण ती काफी नाही. आपल्या काफीत षड्ज हलत नाही. तंबोरा लावला की घर ठरले. गायक कितीही लांब गेला तरी घर जागच्या जागी. स्टेनहामरच्या सिंफनीत घरच हलते. खालचे स्वर, म्हणजे चेलो आणि डबल बास, हळूच दुसऱ्या स्वरावर जाऊन उभे राहतात आणि वर वाजणारी तीच सुरावट आता दुसऱ्याच घरात राहायला आलेली असते. ती परकी वाटते, आणि तेच सांगायचे असते. काफीचे भाव त्यावर लादले की सबंध खेळ हातून जातो. हाच तो ‘राज़ीनामा’. ओळखीचा शब्द आहे आणि अर्थ पार वेगळा.

स्टेनहामरला स्वतःलाही भाषा शिकावी लागली. त्याने आधी एक सिंफनी लिहिली होती. १९०३ मध्ये ती वाजली, लोकांना आवडलीही. पण शेजारच्या फिनलंडच्या सिबेलिअसची दुसरी सिंफनी ऐकल्यावर त्याने आपली मागे घेतली. पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर, नाव झालेले असताना, तो पाठ्यपुस्तक घेऊन बसला आणि जवळपास दशकभर प्रतिस्वरांचे धडे गिरवत राहिला, शाळकरी पोराने उजळणी करावी तसे. दुसऱ्या सिंफनीचा शेवटचा भाग ऐकताना ते गिरवणे कानाला जाणवते: एक सुरावट निघते, तिच्या मागे तीच पुन्हा, मग तिसरी, आणि कुणी कुणाला थांबवत नाही. सिबेलिअसने आपली सहावी सिंफनी या माणसाला अर्पण केली. ज्याला संगीत ही आपोआप कळणारी गोष्ट वाटते, त्याने चाळिशीतल्या या विद्यार्थ्याकडे पाहावे.

त्याची सहा स्ट्रिंग क्वार्टेट्स आहेत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. मोठ्या वाद्यवृंदाला बिचकणाऱ्याने इथून शिरावे, असे मी सांगेन. चार माणसे, चार आवाज, कोण काय म्हणतो ते वेगळे ऐकू येते. चौथ्या आणि पाचव्यात त्याने स्वीडिश लोकगीतांच्या चाली घेऊन त्यांची रूपे पालटत नेली आहेत. आपल्याकडे बंदिशीचे एकच तोंड दर आवर्तनात वेगळ्या वाटेने समेवर येते, त्याच्या जवळ जाणारी ही रीत आहे. जवळ जाणारी, तीच नव्हे.

आता ज्याच्यामुळे हा सगळा वाद निघाला तो बेर्वाल्ड. १७९६चा जन्म, वडीलही वादक, स्वतः राजदरबारच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक. १८२९ मध्ये बर्लिनला गेला. संगीतावर पोट भरेना, तेव्हा १८३५ मध्ये त्याने तिथे हाडांच्या व्यंगांवर उपचार करणारी संस्था उघडली, त्यासाठी उपकरणे तयार केली, आणि ती चांगली चालली. मग व्हिएन्ना, मग परत स्वीडन. १८४२ ते १८४५ या चार वर्षांत चार सिंफनी लिहिल्या. चौघींपैकी त्याच्या हयातीत वाजली एक, तीच पडलेली ‘सेरिअझ’. १८५० मध्ये तो उत्तरेला सांदो इथे काचेच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. लाकडाच्या गिरणीतही लक्ष घातले. पोटापाण्यासाठी काच आणि लाकूड, उरलेल्या वेळात क्वार्टेट्स आणि क्विंटेट्स. संगीत अकादमीने त्याला प्राध्यापक केले ते १८६७ मध्ये. पुढच्या वर्षी तो वारला.

‘सिंग्युलिअर’ ही त्याची तिसरी सिंफनी १८४५ची. ती पहिल्यांदा वाजली १९०५ मध्ये. साठ वर्षे कागदावर पडून होती. ऐकाल तर पहिल्या मिनिटातच विचाराल की ही पडून कशी राहिली? सुरुवातीला तारवाद्ये अगदी हलक्या आवाजात छोट्या छोट्या स्वरपुंजक्यांनी वर चढतात, जिन्यावरून कुणी चोरपावलांनी यावे तसे. त्या चढण्याला चाल म्हणावी अशी चालही नाही. बीथोव्हेननंतरच्या काळात, जेव्हा सिंफनी म्हणजे काहीतरी जाहीर करणे असे झाले होते, तेव्हा हा माणूस काही जाहीर करत नाही, कुजबुजत येतो. आणि मधल्या भागात तो जे करतो ते त्याच्या काळात क्वचितच कुणी केले. तेव्हा सिंफनीचे साधारण चार भाग असत, त्यात एक संथ आणि एक खेळकर, चपळ, ज्याला स्केर्त्सो म्हणतात. बेर्वाल्डने चपळ भाग संथ भागाच्या पोटात घातला. संथ सूर चालू असतात, शांत, लांब श्वासाचे. एकदम धांदल उडते, चपळ भाग येऊन जातो, आणि संथ सूर पुन्हा सुरू होतात. पण आता ते पूर्वीचे राहिलेले नसतात. मधे काय होऊन गेले ते आपल्याला ठाऊक असते. गोष्टीत गोष्ट घालणे ही आपली सवय आहे, पंचतंत्रापासूनची. बेर्वाल्ड ऐकताना मला ती रीत आठवते आणि यावेळी ती आठवण वाट चुकवत नाही, दाखवते. हीच युक्ती त्याने १८२८च्या सेप्टेटमध्ये केली होती, १८४९च्या क्वार्टेटमध्ये तर आणखी पुढे नेली.

आता ‘अल्पपरिचित’ या शब्दाबद्दल. ध्वनिमुद्रणांच्या वेष्टनांवर, लेखांच्या मथळ्यांत, परीक्षणांत तो सगळीकडे असतो. जणू ‘अल्पपरिचित’ हा संगीताचाच एखादा गुण आहे, सी मेजर किंवा संथ लयीसारखा. कुणाला अल्पपरिचित? स्टॉकहोममधल्या मुलाला बेर्वाल्ड हे नाव शाळेत भेटते. आमच्या गल्लीत मोझार्टही अल्पपरिचित आहे. हा शब्द ज्या गावातून बोलला जातो ते गाव लपवतो. व्हिएन्ना, बर्लिन, लंडन ही गावे ‘परिचित’ ठरवतात आणि आपण, ज्यांची भाषा त्यांच्या लेखी तशीच अल्पपरिचित आहे, तो निकाल मुकाट्याने आपल्या भाषेत उतरवून घेतो. मराठी कादंबरीला बाहेर कुणी ‘लहान भाषेतली’ म्हटले की परिसंवाद भरवणारे आपण, स्वीडिश सिंफनीला ‘दुय्यम’ म्हणताना क्षणभर थांबत नाही.

विसर हा नशिबाचा भाग नसतो, हे स्वीडिश लोकांनी ओळखले. १८५९ मध्ये तिथे केवळ स्वदेशी संगीत छापण्यासाठी एक संस्था निघाली. १८४५चे हस्तलिखित १९०५ मध्ये वाजू शकले, कारण ते कुणीतरी सांभाळले आणि कुणीतरी बाहेर काढले. विसाव्या शतकात बेर्वाल्डचे समग्र संगीत संपादित होऊन छापले जाऊ लागले. १९७३ मध्ये ‘बीआयएस’ ही ध्वनिमुद्रण कंपनी तिथे निघाली आणि तिने आपल्या देशाचे संगीत जगभर पोचवले. आता तिथली संगीत अकादमी मृत संगीतकारांच्या न छापलेल्या रचना शोधून, नीट संपादित करून, कुणालाही विनामूल्य देते. तेही आपोआप झालेले नाही. एल्फ्रिडा आंद्रे हिचे बघा. स्त्रियांना चर्चमध्ये ऑर्गनवादकाची नोकरी करता येत नव्हती. तिने आणि तिच्या वडिलांनी खटपट केली तेव्हा १८६१ मध्ये कायदा बदलला. १८६७ मध्ये ती गोथेनबर्गच्या कॅथीड्रलची ऑर्गनवादक झाली आणि १९२९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली. तिने दोन सिंफनी लिहिल्या, ई मायनरमध्ये एक पियानो क्विंटेट लिहिले, सेल्मा लागरलेव्हच्या संहितेवर ऑपेरा लिहिला. लागरलेव्हला नोबेल मिळाले, तिची पुस्तके जगभर गेली. आंद्रेचा ऑपेरा मागे राहिला. शब्द प्रवासाला निघाले, सूर घरी राहिले. आणि आम्ही म्हणतो, भाषा नसल्यामुळे संगीत कुठेही जाऊ शकते!

आमच्याकडे काय झाले? गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेमासृष्टीत व्हायोलिन वाजवत, वाद्यवृंद बांधून देत. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आपल्या रागांवर वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या आणि मुंबईत सादर केल्या. त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल. पुढे गोन्साल्विस अमेरिकेला गेले. १९७७ मध्ये प्यारेलालांनी गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले आणि ते नाव आसेतुहिमाचल पोचले. झाशीतल्या दर वरातीत ते वाजते. सगळ्या देशाने ज्याचे नाव ओरडून म्हटले त्या माणसाने लिहिलेले एक पानही देशाने ऐकलेले नाही. गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले. बेर्वाल्डसाठी स्वीडनने जे केले ते त्यांच्यासाठी कोण करणार, हा प्रश्न मी विचारला तर संपादक म्हणतील की हा संगीतशास्त्राचा विषय आहे, वाङ्मयाचा नाही.

वाङ्मयाचाच आहे. संगीतावर मराठीत जे गद्य लिहिले गेले आहे, ते आपल्या भाषेतल्या चांगल्या गद्यापैकी आहे. गोविंदराव टेंबे, ‘एकलव्य’ या नावाने लिहिणारे केशवराव भोळे, ‘थोर संगीतकार’ लिहिणारे बी. आर. देवधर, ‘घरंदाज गायकी’चे वामनराव देशपांडे. आणि यांतले सगळे काही आपल्याच कुंपणात बसून नव्हते. देवधरांनी मुंबईत राहणाऱ्या स्क्रिन्झी या इटालियन शिक्षकाकडे पाश्चात्त्य संगीत शिकून घेतले होते. केशवरावांनी १९३७ मध्ये ‘कुंकू’त शांता आपट्यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता घातली, आपल्या चालीत, आणि मराठी प्रेक्षकाने ती ऐकली. त्या वेळच्या कुणाला ‘संबंध काय’ असे वाटले असते तर ते घडते ना. ग्वाल्हेरच्या राजाभैया पूंछवाल्यांनी भातखंड्यांची स्वरलिपी शिकून ‘तानमालिका’ लिहिली. १९१८ मध्ये निघालेल्या माधव संगीत विद्यालयात पिढ्या घडवल्या. तोंडी विद्येला कागदाची जोड देणे म्हणजे विद्या बाटवणे, असे म्हणणारेही तेव्हा होतेच. आजचे ‘संगीताला भाषा नसते’ हे त्याच सुरातले वाक्य आहे, थोडे गोड करून म्हटलेले.

मराठी वाचकाला स्वीडिश गद्यकार, नाटककार इंग्रजीवाटे का होईना ठाऊक असतात. स्ट्रिंडबर्ग आपल्याकडे आला. तोमास ट्रान्सट्रोमरला २०११ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा बऱ्याच भारतीय भाषांत त्याच्यावर लिहून आले. तो पियानो वाजवत असे, पक्षाघातानंतर डाव्या हाताने वाजवत राहिला, हेही लिहून आले. तो जे वाजवत असे त्याबद्दल मात्र मी कुठे ओळभरही वाचली नाही. कवीचा हात आपल्याला हवा होता, हाताखालचे सूर नकोत.

आणि मग आलन पेटरसन. १९११चा जन्म, वाढला स्टॉकहोमच्या सोदेरमाल्म या तेव्हाच्या गरीब वस्तीत. नाताळची कार्डे विकून आलेल्या पैशांतून पहिले व्हायोलिन घेतले. वाद्यवृंदात व्हिओला वाजवत असे. संधिवाताने बोटे गेली. पुढे लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होता, तिथून उतरता येईना. त्याची सातवी सिंफनी १९६८ मध्ये आन्ताल दोराती यांनी पहिल्यांदा वाजवली. पाऊण तासाची, एकसंध, मध्ये कुठे थांबायला जागा नाही. बराच वेळ वाद्यवृंद एकाच छोट्या स्वराकृतीवर घाव घालत राहतो, पुन्हा पुन्हा, इतका की बंद करावेसे वाटते. बंद केले नाहीत तर पुढे तारवाद्यांचा एक लांबलचक, शांत पट्टा येतो. तो सुंदर आहे, पण तो कुणी सुटा ऐकवला तर त्याला फसवणूक म्हणेन. आधीचे घाव सोसल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. या सिंफनीला ‘वेदनेचे संगीत’ म्हणून मोकळे होतात. वेदना तर सगळ्यांना कळते, मग भाषेचा प्रश्नच मिटला. त्यात न मावणारे एवढे उरते की हा माणूस पाऊण तास कसा धरून ठेवतो, कुठे श्वास घेतो, कुठे नाकारतो. ते सांगायला गद्य लागते आणि ते माझ्या वाचकाला मराठीत लागते.

ते लिहिताना अडचणी येतात त्या खऱ्या आहेत आणि त्यांचे कुणाला वावडे नसावे. सिंफनीच्या ‘मूव्हमेंट’ला काय म्हणायचे? ‘गती’ म्हटले तर लय वाटते. ‘चलन’ आपल्या रागशास्त्रात दुसऱ्याच कामाला लावलेले आहे. या लेखात मी ‘भाग’ म्हटले आहे. चालून जाते, पण त्यात तुकडे पाडल्याचा भास होतो आणि पेटरसनला तर ते अजिबात लागू नाही. ‘हार्मनी’ला ‘स्वरसंवाद’ म्हणतात, पण आपल्याकडे वादी-संवादी आधीपासून बसलेले आहेत. एकदा एका गायक मित्राने स्केर्त्सोसाठी ‘छोटा ख्याल’ सुचवले, चपळ असल्यामुळे. मी नाही म्हटले, कारण छोटा ख्याल बड्या ख्यालानंतर येतो, पोटात शिरत नाही. पण त्या नाही म्हणण्यावर आमची तासभर चर्चा झाली आणि दोघांनाही आपापले संगीत पुन्हा तपासावे लागले. भाषा नसलेल्या गोष्टीवर अशी चर्चा होत नसते.

बेर्वाल्डवरचा लेख तयार आहे. साधारण चार हजार शब्द, शेवटी ‘सिंग्युलिअर’च्या मधल्या भागाचे मिनिटागणिक टिपण जोडले आहे, म्हणजे वाचक घड्याळ समोर ठेवून ऐकू शकेल. गोन्साल्विसांवरचा अर्धा झाला आहे. ज्याला हवा त्याने मागवावा. राणीवरचा लेख मी लिहिलेला नाही.